दारापुढचा बर्फ

आम्हां महाराष्ट्रीयांच्या लेखीं बर्फ ही विकत घ्यावयाची वस्तु आहे. गोळेवाल्याच्या गाडीवर ती किसली जाते, कोळणीच्या पाटींत मासळीखालीं पसरली जाते, आणि लग्नकार्यांत मठ्ठ्याच्या पिंपांत तिची एखादी लादी पडली कीं यजमानाच्या सढळ हाताची वाखाणणी होते. कविलोक ज्याला हिम म्हणतात तें निराळें. तें पार्वतीच्या माहेरचें वैभव, आणि त्याच्याशीं संसारी माणसाचा संबंध चित्रांपुरताच. परंतु बर्फ फुकट मिळतो, नको असतां मिळतो, आणि मिळालेला हलविण्यासाठीं पदरचे पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरीं घर केल्याखेरीज मला कळली नसती.

मिसिसिपी नदीच्या कांठचें हें शहर. येथें वर्षाकांठीं सरासरीनें ५० इंचांच्या आसपास बर्फ पडतो. १९९१ सालच्या ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या वादळानें ३ नोव्हेंबरपर्यंत २८.४ इंच बर्फ टाकला. पुण्याचे वृद्ध लोक १९६१ च्या पानशेतच्या पुराविषयीं ज्या सुरांत बोलतात, त्याच सुरांत येथील लोक त्या वादळाविषयीं बोलतात. बर्फ आकाशांतून येतो तेव्हां तो सर्वांचा असतो. जमिनीला टेकला कीं मात्र तो ज्याच्या त्याच्या मालकीचा होतो. नगरपालिकेचा नियम असा कीं, बर्फ पडावयाचा थांबल्यापासून २४ तासांच्या आंत घरमालकानें आपल्या घरापुढील फूटपाथ मोकळा केला पाहिजे. शिवाय रस्त्यापासून गॅरेजपर्यंत मोटार नेण्याची जी वाट, जिला येथें ड्राइव्हवे म्हणतात, ती ज्याची त्यानें साफ करावयाची.

मनुष्य फावडें घेऊन बर्फांत उतरतो तेव्हां वजनाचा हिशेब करीत नाहीं, हें एका अर्थीं बरें. माझा ड्राइव्हवे १५ मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. त्यावर सहा इंच बर्फ पडला तर तो ११ घनमीटरांहून थोडा अधिक होतो. अगदीं ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे पिंजलेल्या कापसासारखा दिसणारा तो थर गव्हाच्या अकरा पोत्यांइतका जड असतो. मार्च महिन्यांतील ओला बर्फ असेल तर वजन सहज तिप्पट होतें. ही हमाली गारठ्यांत, घाईघाईनें, बहुधा कामावर जाण्यापूर्वीं करावयाची असते. थंडीनें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ओझें उचलतांना माणूस नकळत श्वास कोंडून धरतो. रक्तदाब एकाएकीं चढतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दरवाजापुढील पंधरा मीटरांचें अंतर हें असें महागांत पडूं शकतें. माझ्या हृदयाचा आलेख समोर ठेवून डॉक्टरांनीं औषधांविषयीं बोलण्यापूर्वीं विचारलें, “घरापुढचा बर्फ कोण काढतें?” मी तोंड उघडण्यापूर्वींच शेजारीं बसलेली पत्नी म्हणाली, “यापुढें यंत्र काढील.”

यंत्र म्हणजे स्नो ब्लोअर. क्वेबेक प्रांतांतील आर्थर सिकार या गृहस्थानें १९२५ सालीं बर्फ गिळून दूर भिरकावणारें यंत्र तयार केलें, तें मोठाले रस्ते साफ करण्यासाठीं. त्याचे घरगुती वंशज आज दुकानांत रांगेनें उभे असतात, आणि त्यांतून एक निवडणें हें स्थळ पाहण्याइतकेंच नाजूक काम आहे. पेट्रोलचें यंत्र बलवान. पण त्याला तेलपाणी करावें लागतें, त्याचा धूर सोसावा लागतो, आणि तें पहांटे सुरू केलें तर सारी आळी जागी होते. विजेच्या यंत्रांत दोन जाती आहेत. पहिली वायरीची. ती स्वस्त व हलकी खरी. परंतु येथील घरांत जी १२० व्होल्टांची व १५ अँपिअरांची वीज खेळते तिच्यावर या यंत्राची मजल १८०० वॅटांपलीकडे जात नाहीं. त्यासाठीं बाहेर वापरण्याजोगी जाड वायर लागते. बारीक वायर लांबवर नेली तर वीज वाटेंतच खर्चीं पडते आणि मोटर तापते. ओलाव्यांत झटका बसूं नये म्हणून आपोआप वीज तोडणारें सॉकेटहि लागतें. शिवाय मागून येणारी वायर पात्याखालीं जाणार नाहीं याची काळजी पावलोपावलीं घ्यावी लागते. धोतराचा सोगा सांभाळीत अंधाऱ्या जिन्यानें उतरण्यापैकींच तो प्रकार. दुसरी जात लिथियम बॅटरीची. ती महाग, पण मोकळी.

आणखी एक भेद ध्यानांत घ्यावा लागतो. एकटप्पी यंत्रांत रबरी कडेचें पातें जमिनीला घासून फिरतें आणि बर्फ उचलून सरळ वरच्या तोंडांतून फेकतें. दोनटप्पी यंत्रांत पुढील मळसूत्री पातें बर्फ आंत ओढतें व मागील पंखा तो उडवितो. पहिलें यंत्र सिमेंटची जमीन केरसुणीनें झाडल्यासारखी करतें, पण खडीच्या वाटेवर बर्फाबरोबर खडीहि भिरकावील. दुसरें जमिनीपासून थोडें वर चालतें आणि खोल बर्फांतहि रेटा सोडीत नाहीं. मात्र तें जड असतें आणि अधिक जागा अडवितें. दुकानांतील विक्रेता सभ्य होता. त्यानें माझ्या वाटेची लांबी, रुंदी, चढ, जमिनीचा प्रकार, सर्व विचारलें आणि मग एकटप्पी, बॅटरीवर चालणारें यंत्र पुढें केलें. त्याबरोबर ५६ व्होल्ट व ५ अँपिअर-तास अशा दोन बॅटऱ्या. गुणाकार केला तर प्रत्येकींत २८० वॅट-तास, दोहोंत मिळून ५६० वॅट-तास वीज मावते. हजार वॅटांची इस्त्री अर्ध्या तासाहून थोडा वेळ अधिक चालेल, एवढेंच हें भांडवल.

यंत्र चालविण्याचें शास्त्र फार मोठें नाहीं, पण तें पाळलें पाहिजे. बर्फ वाऱ्याच्या दिशेनें फेकावा. उलट फेकणाऱ्याला तो व्याजासकट परत मिळतो. आठ इंच सांचण्याची वाट न पाहतां चार चार इंचांनीं दोनदां काढावा. रस्ता साफ करणारी सरकारी गाडी जातांना प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशीं दाबून बसविलेल्या बर्फाचा बांध घालून जाते. तो सावकाश, अर्ध्या रुंदीनें खावा. यंत्राच्या तोंडांत बर्फ अडकला तर आधीं मोटर थांबवावी, बॅटरी काढावी, आणि मग त्याकरितां दिलेल्या दांड्यानेंच तो मोकळा करावा. मोटर थांबली तरी आंतील दाबानें पातें हिसका देऊं शकतें. तेथें हात कधींहि घालूं नये. आणि बॅटरीला थंडी मानवत नाहीं. गारठली कीं ती कमी वीज देते, आणि गोठणबिंदूखालीं ती भरूं गेल्यास तिची कायमची हानि होते. म्हणून यंत्र गॅरेजमध्यें राहिलें तरी बॅटरी घरांत, उबेला ठेवावी लागते.

हें सर्व विक्रेत्यानें सांगितलें होतें. त्याच्या प्रश्नपत्रिकेंत नसलेला एक प्रश्न मात्र पहिल्या मोठ्या बर्फाच्या दिवशींच पुढें उभा राहिला. फावडें हातीं असलेला मनुष्य हद्दीचा मोठा पक्का असतो. त्याची पाठ त्याला बजावीत असते कीं, येथें तुझें घर संपलें. फूटपाथवर दोन घरांमधली सीमा अशा वेळीं सर्व्हेखात्यानें आखल्यासारखी स्पष्ट दिसते. यंत्र हातांत आलें कीं ती सीमा पुसट होते. माझ्या डावीकडील घरांत ऐंशी वर्षांच्या पुढच्या एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. माझें यंत्र माझ्या फूटपाथच्या टोंकाशीं पोंचलें तेव्हां त्या आपल्या पायरीवर लहानसें फावडें घेऊन उभ्या होत्या. चालूं असलेलें यंत्र त्यांच्या डोळ्यांदेखत वळवून मागें आणणें हें बंद करण्यापेक्षां अवघड होतें. मी सरळ पुढें गेलों.

माझी आई अंगणांत सडा घालीत असे तेव्हां तिचा हात आमच्या उंबऱ्यापाशीं थांबत नसे. शेजारच्या दारापर्यंत दोन शिंतोडे सहज जात. पण तिची बादली आडाच्या पाण्यानें भरलेली असे. माझी बादली ५६० वॅट-तासांची आहे. कोरड्या बर्फाच्या दिवशीं तेवढ्यांत माझी वाट, फूटपाथ आणि शेजारणीची वाट, सर्व होतें. ओल्या बर्फाच्या दिवशीं मोटरवर ताण पडतो, वीज भराभर उतरते, आणि परोपकारहि उन्हाळ्यांतल्या रांजणांतील पाण्यासारखा पेल्यापेल्यानें मोजावा लागतो. तेव्हां कोणाचें काम आधीं? विचारांतीं मीं क्रम ठरविला: प्रथम फूटपाथ, कारण त्यावरून टपालवाला व शाळेचीं मुलें जातात, नंतर शेजारणीच्या पायरीपासून रस्त्यापर्यंतची अरुंद पट्टी, कारण दारीं रुग्णवाहिका आली तर तिच्या माणसांना तेथूनच आंत जावें लागेल, आणि उरलेल्या विजेंत माझा ड्राइव्हवे, मोटार निघेल इतका. पायऱ्यांचें काम अजूनहि फावड्याचेंच आहे. पत्नी तें माझ्याकडून काढून घेते.

परंतु उपकार करणाऱ्याला जसा हिशेब असतो तसा घेणाऱ्यालाहि असतो. चाळीस वर्षें मुलांना स्वतःचें काम स्वतः करावयास शिकविलेल्या बाईंना कोणी रोज आपल्या दारचा बर्फ काढून जावें हें रुचणें शक्य नव्हतें. दुसऱ्या वेळीं त्या बाहेर आल्या त्या पैशाचें पाकीट घेऊन. मीं तें घेतलें नाहीं. त्यांनीं तें परत खिशांत घातलें नाहीं. त्या बर्फांत आम्ही दोघें क्षणभर तसेच उभे होतों. मग त्यांनीं यंत्राकडे बोट करून विचारलें, “ही बॅटरी किती वेळ टिकते?” मीं खरें तें सांगितलें. त्या म्हणाल्या, “मग एक माझ्याकडे ठेवा. माझें स्वयंपाकघर उबदार आहे, आणि मी पहांटे चारपासून जागी असतें.”

तेव्हांपासून दुसरी बॅटरी त्यांच्याकडे असते. तिच्यासाठीं मीं आणखी एक चार्जर घेतला. त्या तिची अशी निगा राखतात कीं माझ्या घरची बॅटरी तिच्यापुढें पोरकी वाटावी. रात्रीं बर्फ पडला कीं त्यांच्या खिडकींतला दिवा लागलेला दिसतो, आणि माझी पहिली बॅटरी उतरते त्या सुमारास त्या दार उघडून भरलेली हातीं देतात. एखादे दिवशीं दिवा लागला नाहीं तर चौकशी करावयाची, असाहि एक करार आमच्यांत आहे. तो कोणीं बोलून दाखविलेला नाहीं.

आतां ओळखीचीं मराठी कुटुंबें नवें घर घेतात आणि स्नो ब्लोअर कोणता घ्यावा म्हणून मला विचारतात. वाट सिमेंटची कीं खडीची, लांब किती, चढ किती, बर्फ कोरडा कीं ओला, हें सारें मी त्यांना विचारतों. व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार करावयास सांगतों. मग एक प्रश्न आणखी विचारतों: शेजारीं कोण राहतें? आणि उत्तर ऐकून बहुधा असें सांगतों कीं, यंत्र आपल्या वाटेच्या मापाचें घ्या, पण बॅटरी एक माप मोठी घ्या.