दाढ गेली, ठणका राहिला

लवंगेचं तेल झालं, रूट कॅनल झालं, ते पुन्हा उघडून झालं, शेवटी दाढही काढून झाली. ठणका मात्र जिथल्या तिथे. चेहरा-जबड्याच्या जुनाट दुखण्यांवर काम करणाऱ्या माझ्याकडे रुग्ण येतात ते बहुधा एवढं सगळं सोसून. हातात एक्स-रेची जाड पिशवी आणि एकच मागणी : ‘डॉक्टर, आता शेजारचीही काढून टाका.’ ती शेजारची दाढ वाचवणं हे माझं पहिलं काम.

हे दुखणं नवं नाही. एकामागून एक दात काढले तरी वेदना उरतेच, असे रुग्ण ब्रिटिश शल्यविशारद जॉन हंटर यांनी 1778 सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहेत. रूट कॅनलमध्ये आपण दातातली नस काढतो. ती नस म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचा अगदी शेवटचा फाटा. बहुतेकांची जखम निमूट भरते. काहींच्या बाबतीत मात्र तुटलेलं टोक आणि मेंदूच्या तळाशी त्याचे निरोप घेणाऱ्या पेशी चेतलेल्याच राहतात. चोर पळून गेल्यावरही राखणीचा कुत्रा भुंकत राहावा तसं. रूट कॅनलनंतर सहा महिन्यांनीही दुखणारे शंभरात पाचेक निघतात आणि त्यांतल्या निम्म्याअधिकांच्या दुखण्याचं मूळ दातात नसतं.

एका शिक्षिकेची हिरडी तपासत होतो. गुलाबी, घट्ट, ना सूज ना पू. कापसाची काडी आधी चांगल्या बाजूने, जराही दाब न देता फिरवली, काही नाही. तीच काडी दुखऱ्या बाजूला टेकताच बाईंनी माझं मनगट धरलं. ‘तिखट चोळल्यासारखं झालं,’ म्हणाल्या. रात्री दुखण्यानं जाग येते का, असं विचारलं, तर नाही. झोप लागली की शांत, सकाळी ब्रश लावला की सुरू. सुजलेल्या नसेचा ठणका असा वागत नाही. तो झोपू देत नाही, गार-गरम लागताच उसळतो. तरीही मुळाला चीर गेली आहे का, एखादी कॅनल राहून गेली आहे का, हे सीबीसीटी, म्हणजे दातांचा त्रिमितीय स्कॅन, काढून आधी पाहावंच लागतं.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचंच आहे,’ हे घरच्यांचं आणि कधी डॉक्टरांचंही वाक्य ऐकलं की मला संताप येतो. या वेदनेला वैद्यकात नाव आहे, निकष आहेत : रोज दोन तासांहून अधिक, तीन महिन्यांहून अधिक काळ. काळजीने, जागरणाने ती वाढते. म्हणून ती खोटी ठरत नाही.

उपचार असतो नसेवर. हिरडीवर बधिर करणारं जेल, तेही दाताच्या मापाच्या पातळ साच्यात भरून, म्हणजे लाळेनं वाहून जात नाही. रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा, बहुधा 10 मिलिग्रॅमपासून. इथेच घोटाळा होतो. मोबाइलवर ‘नैराश्याची गोळी’ असं वाचून रुग्ण आठवड्यात ती बंद करतात. नैराश्यासाठीची मात्रा याच्या कितीतरी पट असते आणि नस शांत व्हायला काही आठवडे जातात. काचबिंदू किंवा हृदयविकार असेल तर मात्र ते आधी सांगा. या गोळीने तोंड कोरडं पडतं, दात किडू शकतात; पाणी जवळ ठेवा, फ्लोराइडची पेस्ट वापरा.

बाकीचं रुग्णाच्या हाती. मऊ ब्रश, कोमट पाणी, फराळाची चकली दुसऱ्या बाजूने. जिभेने दर मिनिटाला ती जागा चाचपू नका. काम करताना दातावर दात दाबले जात नाहीत ना, पाहा. ओठ मिटलेले असले तरी दात सुटेच हवेत. दुखणं शून्यावर येईलच असं वचन मी देत नाही. पण जेवण, झोप, शाळेतला तास पुन्हा रुळावर येतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

मात्र ओठ किंवा हनुवटी बधिर होऊ लागली, गाठ लागली, तोंड उघडेनासं झालं, तर जुनंच दुखणं म्हणून थांबू नका. लगेच दाखवा, तेव्हा एमआरआय लागू शकतो.