बाराव्या खेळाडूचे मत

वाचकहो, मत देणे ही माणसाची फार जुनी हौस आहे. क्रिकेटचा सामना सुरू असताना चहाच्या टपरीवर उभा असलेला प्रत्येक जण कर्णधार असतो, निवड समितीचा अध्यक्ष असतो आणि पंचही असतो. तुम्हीही कधी ना कधी ही तिन्ही पदे भूषवली असतील. अशा मताची किंमत काय, ते केव्हा न्याय्य असते आणि केव्हा नुसता कोलाहल, या प्रश्नाकडे मी वळलो तो मात्र एका परक्या खेळामुळे. नोकरीच्या निमित्ताने मी अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटल शहरात स्थायिक झालो आणि हळूहळू तेथील फुटबॉलचा, म्हणजे सीहॉक्स या संघाचा चाहता झालो. हा खेळ तुम्ही कदाचित पाहिला नसेल. म्हणून आधी त्याची थोडी ओळख करून देतो.

नाव फुटबॉल असले तरी या खेळात पायाचे काम थोडे आणि हाताचे अधिक. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. मैदान १०० यार्डांचे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना १० यार्डांचा एकेक पट्टा. प्रत्येक बाजूने ११ खेळाडू. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याने चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे; ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू समोरच्या पट्ट्यात पोहोचला की टचडाउन होतो आणि सहा गुण मिळतात. चेंडू पुढे नेण्याचे मुख्य मार्ग दोनच: तो घेऊन धावणे किंवा पुढे गेलेल्या सहकाऱ्याकडे फेकणे. प्रत्येक प्रयत्नाला आपण 'चाल' म्हणू. चाल काही सेकंदांत संपते आणि मग खेळ थांबतो. थोडा वेळ खेळ आणि पुष्कळ वेळ चर्चा अशी ही रचना असल्यामुळे मतांच्या पिकाला इतकी सुपीक जमीन दुसऱ्या कोणत्या खेळात सापडेल असे मला वाटत नाही.

या सर्व मतांच्या केंद्रस्थानी असतो तो क्वार्टरबॅक. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. १९९४ पासून प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या शिरस्त्राणातल्या छोट्या रेडिओतून त्याच्या कानापर्यंत पोहोचतो. परंतु चाल सुरू करण्याच्या मुदतीतले शेवटचे १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. तेथून पुढे तो एकटा. चेंडू हाती आल्यावर त्याला मिळतात साधारण तीन सेकंद. तेवढ्यात कोणता सहकारी मोकळा आहे, कोणता प्रतिस्पर्धी फसवतो आहे हे ओळखायचे; आणि तेही शंभर-सव्वाशे किलो वजनाची माणसे अंगावर धावून येत असताना. आपण हेच दृश्य घरी बसून, वरच्या कोनातून, सावकाश गतीने, चार वेळा पाहतो आणि म्हणतो, "डावीकडचा मोकळा होता, दिसत कसे नाही याला?"

माझे एक शेजारी आहेत. फेरीबोटीवर आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले हे गृहस्थ या खेळातले माझे गुरू. त्यांच्या घरी सामना पाहायचा तर एक नियम पाळावा लागतो. भिंतीवर एक छोटा पांढरा फळा आहे. महत्त्वाच्या चालीपूर्वी ज्याला मत असेल त्याने फळ्यावर लिहायचे: 'धाव' किंवा 'फेक', आणि सोबत एका ओळीत कारण. चाल संपल्यानंतर सुचलेले मत तेथे विचारात घेतले जात नाही. नियम साधा आहे; पण तो लागू होताच खोली किती शांत होते, हे अनुभवण्यासारखे आहे.

कारण नसलेले मत केवळ पोकळ असते असे नाही. ते एखाद्याचे आयुष्यही अडवू शकते. या खेळात दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची निवड होते. त्यापूर्वी त्यांची उंची मोजतात, धावण्याचा वेग मोजतात, उडी मोजतात. तीन सेकंदांत नेमके पाहण्याची शक्ती मात्र कोणत्याही फितीने मोजता येत नाही. २००० साली टॉम ब्रेडी निवडला गेला तो १९९ व्या क्रमांकावर; पुढे त्याने सात अजिंक्यपदे मिळवली. कर्ट वॉर्नरला तर निवडप्रक्रियेत कोणीच घेतले नव्हते. काही काळ तो आयोवा राज्यातल्या एका किराणा भांडारात रात्रपाळीला फळ्यांवर माल रचत होता. १९९९ च्या हंगामात तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सेंट लुईसच्या संघाला त्याने अजिंक्यपद मिळवून दिले.

ही उदाहरणे ऐकायला गोड वाटतात. पुढचे तसे नाही. वॉरन मून हा सिएटलच्याच विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. १९७८ च्या जानेवारीत त्याच्या संघाने रोझ बोल हा प्रतिष्ठेचा सामना जिंकला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तरीही त्या वर्षीच्या निवडप्रक्रियेत एकाही संघाने त्याला घेतले नाही. मून कृष्णवर्णीय होता. आणि कृष्णवर्णीय खेळाडू चपळ असतो, बलवान असतो, पण क्वार्टरबॅकला लागणारे डोके त्याच्यापाशी नसते, असे मत त्या काळी सर्वत्र रूढ होते. जागा बदलून खेळ, असे अशा खेळाडूंना सांगितले जाई. मूनने जागा बदलली नाही. त्याने देश बदलला. कॅनडात जाऊन एडमंटनच्या संघाकडून त्याने १९७८ ते १९८२ अशी सलग पाच अजिंक्यपदे जिंकली, आणि १९८४ मध्ये अमेरिकेतले दार त्याच्यासाठी उघडले. १९८८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे या खेळाच्या अंतिम सामन्यात, डग विल्यम्स हा अजिंक्यपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. पुढे २००६ मध्ये मूनचा या खेळाच्या गौरवदालनात समावेश झाला. दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय आहेत असा अंतिम सामना पाहायला मात्र २०२३ साल उजाडावे लागले. ज्यांना मूनची वाट धरता आली नाही, त्यांची नावे आपल्याला कोठेच सापडणार नाहीत. वाचकहो, 'हे याच्या आवाक्यातले नाही' हे वाक्य तुमच्यापैकी काहींनी स्वतःविषयी ऐकले असेल. ते बोलणाऱ्याला किती स्वस्त आणि ऐकणाऱ्याला किती महाग पडते, हे मी वेगळे सांगायला नको.

आता प्रशिक्षकाकडे वळू. माझ्या मते चांगल्या प्रशिक्षकाची खूण एकच: त्याच्याजवळ जो माणूस आहे त्याला तो पाहतो, नसलेल्या माणसासाठी रडत बसत नाही. बिल वॉल्श सिनसिनाटीच्या संघात साहाय्यक होते तेव्हा व्हर्जिल कार्टर नावाचा क्वार्टरबॅक त्यांच्या वाट्याला आला. त्याचा हात फार लांब फेकणारा नव्हता, पण नेमका होता. वॉल्श यांनी त्याच्यासाठी छोट्या, वेळेवर सुटणाऱ्या फेकींची एक पद्धतच उभी केली. पुढे १९७९ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या हंगामात १६ पैकी दोनच सामने जिंकता आले. तेव्हा त्यांच्याविषयी मत मागितले असते, तर बहुतेकांनी काय सांगितले असते? तिसऱ्या हंगामाअखेर, तिसऱ्या फेरीत निवडलेल्या जो मॉन्टानाला घेऊन, याच वॉल्श यांचा संघ अजिंक्य ठरला.

परंतु निर्णय चांगला आणि निकाल वाईट, असेही घडते. येथेच चाहत्याची खरी परीक्षा होते. १ फेब्रुवारी २०१५, ग्लेंडेल, अॅरिझोना. सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडचे २८ गुण, आमच्या सिएटलचे २४. शेवटचे २६ सेकंद उरले होते. चेंडू सिएटलकडे, दुसरा प्रयत्न आणि टचडाउन केवळ एका यार्डावर. मार्शॉन लिंच हा अत्यंत ताकदवान धावपटू आमच्याकडे होता. फळ्यावर मी 'धाव' लिहिले, इतर तिघांनीही तेच. शेजाऱ्यांनी एकट्याने 'फेक' लिहिले आणि पुढे कारण: 'घड्याळ'. प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या संघानेही फेकच निवडली. रसेल विल्सनने चेंडू फेकला, माल्कम बटलर या नवख्या प्रतिस्पर्ध्याने मध्ये झेप घेऊन तो पकडला आणि अजिंक्यपद हातचे गेले.

दुसऱ्या दिवशी साऱ्या देशाचे मत एकच होते: इतका मूर्ख निर्णय कधी कोणी घेतला नसेल. तुम्ही मात्र क्षणभर त्या घड्याळाकडे पाहा. धावपटू अडवला गेला तर वेळ सरकत राहते, आणि ती थांबवण्याची सिएटलला एकच संधी उरली होती. फेक वाया गेली तर घड्याळ आपोआप थांबते. उरलेले तिन्ही प्रयत्न वापरायचे असतील, तर त्यांतला एक फेकीचा ठेवण्यात हिशेब होता. शिवाय धाव रोखण्यासाठी न्यू इंग्लंडने धिप्पाड खेळाडू पुढे आणले होते. टीका करायचीच तर ती अशी करता येईल: फेक गर्दीच्या मध्यभागी का? कडेला का नाही? हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पण ही टीका निर्णयाची घडण पाहून केलेली आहे. नुसता निकाल पाहून नव्हे. आणि आपण निकालाचे सारे ओझे कॅरल यांच्या खांद्यावर टाकतो तेव्हा बटलरवरही अन्याय करतो. त्यालाही निवडप्रक्रियेत कोणी घेतले नव्हते. सामन्यापूर्वीच्या सरावात याच चालीवर तो एकदा फसला होता आणि त्यातून शिकला होता. एकाची घोडचूक म्हणून आपण जे सांगतो, ते दुसऱ्याच्या अभ्यासाचे फळ होते. शेजाऱ्यांनी त्या रात्री फळा पुसला नाही. पुन्हा विचारले तरी आपण हेच लिहू, एवढेच ते म्हणाले.

राहिले पंच. मैदानावर सात पंच असतात. नियमभंग दिसला की ते पिवळा रुमाल टाकतात. त्यांपैकी बहुतेकांचा आठवडाभराचा व्यवसाय दुसराच असतो. २० जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या खेळाडूला चेंडू पोहोचण्याआधीच लॉस एंजेलिसच्या खेळाडूने धडक दिली. साऱ्या स्टेडियमला ती दिसली. रुमाल मात्र पडला नाही. जादा वेळेत न्यू ऑर्लिन्स २३ विरुद्ध २६ असे हरले. एवढी ओरड झाली की पुढच्या हंगामापुरता नियमच बदलला: अशा निर्णयांचीही चित्रफीत पाहून फेरतपासणी करता येईल असे ठरले. एका वर्षात तो प्रयोग गुंडाळावा लागला. क्रिकेटमधील फेरतपासणी तुम्हाला परिचित आहे. फलंदाजाची बॅट रेषेच्या आत होती की नाही, हे कॅमेरा सांगू शकतो. पण एका खेळाडूच्या स्पर्शाने दुसऱ्याला 'पुरेसा' अडथळा झाला का, हा प्रश्न रेषेचा नसून तारतम्याचा आहे, आणि सावकाश गतीने पाहिला तर प्रत्येक स्पर्श गुन्ह्यासारखा दिसतो. म्हणून माझे मत असे: रेषा यंत्राने पाहावी, तारतम्य माणसाने ठेवावे, आणि त्या माणसाला पुरेसे शिक्षण व पुरेसा मोबदला द्यावा.

या शेवटच्या मुद्द्याचा पुरावा आमच्याच शहरात घडला. २०१२ च्या हंगामाच्या आरंभी कराराचा वाद चिघळला आणि नियमित पंचांना बाहेर ठेवून बदली पंच आणले गेले. २४ सप्टेंबरला सिएटल आणि ग्रीन बे यांच्यातील सामन्याच्या शेवटच्या चालीत दोन खेळाडूंनी एकाच चेंडूला मिठी मारली. शेजारी उभ्या असलेल्या दोन पंचांनी दोन वेगळ्या खुणा केल्या. अखेर टचडाउन दिला गेला आणि सिएटल १४-१२ असे जिंकले. आमच्या खेळाडूने त्याआधी प्रतिस्पर्ध्याला ढकलले होते, आणि त्यासाठी रुमाल पडायला हवा होता, हे लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केले. निकाल मात्र कायम ठेवला. दोन दिवसांत करार होऊन नियमित पंच परतले. म्हणजे चाहत्यांच्या ओरडण्यातून काही चांगलेही घडते. परंतु त्या रात्री सिएटलमध्ये जल्लोष करणाऱ्यांपैकी 'हा निर्णय चुकला' असे मोठ्याने म्हणणारे किती होते? आपल्या नुकसानीचा चुकीचा निर्णय कोणालाही दिसतो. आपल्या फायद्याचा चुकीचा निर्णय ज्याला दिसतो, त्याच्या मताला मी वजन देतो.

क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू राखीव असतो, पाणी घेऊन येतो. सिएटलमध्ये बारावा खेळाडू म्हणजे प्रेक्षक. १९८४ मध्ये संघाने १२ क्रमांकाचा अंगरखा चाहत्यांच्या नावे कायमचा राखून ठेवला. तो आता कोणताही खेळाडू घालत नाही. हा मान पोकळ नाही. २०१३ मध्ये आमच्या स्टेडियममधला आवाज १३७.६ डेसिबल मोजला गेला होता. त्या गदारोळात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला आपल्या सहकाऱ्यांशी बोलणेही अवघड होते. मात्र चेंडू आपल्या संघाकडे आला की तेच हजारो प्रेक्षक गप्प होतात, कारण आता आपल्या माणसाला विचार करायचा आहे. ओरडण्याइतकीच ही शांतताही बाराव्या खेळाडूची कामगिरी आहे. वाचकहो, कोणाच्या निर्णयाविषयी मत देण्याची वेळ तुमच्यावर येईल, मग तो मैदानावरचा असो, कार्यालयातला असो वा घरातला, तेव्हा एवढेच विचारा: त्या माणसाला त्या क्षणी काय दिसत होते, आणि त्याच्या हाती किती सेकंद होते? त्यानंतरही मत उरले, तर ते अवश्य द्या. ते ऐकण्याजोगे असेल.