एका यंत्रातील दोन संसार

वाटणी हा शब्द आपल्या खेड्यांत फारसा शुभ मानीत नाहीत. वाटणी झाली की अंगणात भिंत उभी राहते, विहिरीच्या पाण्याचे वार ठरतात, आणि एका ताटात जेवलेले भाऊ एकमेकांना निरोप धाडू लागतात. असे असूनही गतवर्षी मी आपल्या हातांनी घरातील एका वस्तूची वाटणी केली. ती करताना एक चूक झाली व तिची झळ मला न लागता माझ्या पत्नीला लागली. ती हकीगत सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

ती वस्तू म्हणजे आमचा संगणक. थोरल्या मुलाने कुवेतला जाण्यापूर्वी, २०१६ साली, तो विकत आणून ओसरीलगतच्या खोलीत मांडून दिला. मुलांची छायाचित्रे, माझी पत्रे व टिपणे, आणि माझी पत्नी ज्या बचतगटाचे हिशेब ठेवते त्या चौदा बायकांच्या पैनपैची नोंद, असे सारे त्याच्या पोटात आहे. त्यावर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिला द्यावयाचा नेहमीचा पाठिंबा थांबविला. याचा अर्थ यंत्र बंद पडते असा नव्हे. परंतु चोरवाटा बुजविण्याची जी डागडुजी वेळोवेळी विनामूल्य होत असे, ती यापुढे आपोआप होत नाही. पुढची विंडोज ११ घालावी, तर तिला टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा घटक आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. आमचे यंत्र त्या कसोटीस उतरेना. दुकानदाराने नवे घेण्याचा सल्ला दिला. निवृत्त शिक्षकाला असा सल्ला ऐकणे सोपे, मानणे कठीण.

दिवाळीच्या सुटीत माझा भाचा बेळगावहून आला. तो म्हणाला, "मामा, यंत्र धडधाकट आहे. त्यावर लिनक्स घालू या."

लिनक्सची कथा त्याने सांगितली ती मला आवडली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या घरच्या संगणकासाठी कार्यप्रणालीचा गाभा लिहावयास घेतला व तो सर्वांना पाहण्यास खुला केला. पुढे देशोदेशींच्या लोकांनी त्यात भर घातली. कोणीही तो घ्यावा, वापरावा, बदलावा आणि दुसऱ्यास द्यावा, अशी त्याच्या परवान्याची अट आहे. त्याच गाभ्यावर उभारलेली 'मिंट' नावाची प्रणाली भाच्याने निवडली. तिला किमान दोन जीबी स्मरण पुरते, आणि आमच्या यंत्रात चार होते.

"विंडोज पुसून टाकू आणि हीच ठेवू," असे तो म्हणताच पत्नी दारात येऊन उभी राहिली. "आणि माझे हिशेब?" तिने विचारले. गटाच्या हिशेबाचा प्रोग्राम केवळ विंडोजवर चालतो. तेव्हा जुनीला न हलविता नवीला जागा करून द्यावयाची, म्हणजे वाटणी करावयाची, असे ठरले.

भाच्याने प्रथम सर्व छायाचित्रे आणि हिशेब वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क कपाटात ठेवली. "वाटणीआधी नक्कल," तो म्हणाला. नंतर त्याने मिंट एका पेनड्राइव्हवर घेतली आणि तिच्यावरूनच यंत्र सुरू करून दाखविले. अशा वेळी ती पाहुणी म्हणून येते. आपण सांगितल्याखेरीज डिस्कमधील कशालाही हात लावीत नाही. पडदा, छापखाना, इंटरनेट सारे ठीक चालते असे पाहिल्यावरच पुढचे पाऊल. विंडोजमध्ये जाऊन त्याने 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद केली. ती चालू असता विंडोज बंद होताना आपले दप्तर पुरते आवरीत नाही, आणि मग दुसऱ्या प्रणालीने त्या भागात लिहिणे धोक्याचे ठरते. यानंतर पाचशे जीबीच्या डिस्कमधून शंभर जीबी मोकळे केले. हे काम चालू असता वीज जाता कामा नये. आमच्याकडे परतीच्या पावसात विजेचा भरवसा कसला! म्हणून तो शेजाऱ्यांचा यूपीएस मागून घेऊन आला. तासाभरात नवी प्रणाली आपल्या हिश्श्यात नांदू लागली.

आता यंत्र सुरू कसे होते, ते थोडे सांगितले पाहिजे. कळ दाबताच संगणकातील एक लहानसा कायमचा प्रोग्राम जागा होतो. स्मरण, कळफलक, डिस्क जागच्या जागी आहेत ना, हे तो पाहतो. मग डिस्कच्या एका छोट्या कप्प्यात जाऊन, प्रणाली उठविणारा प्रोग्राम शोधतो. आमच्या यंत्रात आता तेथे 'ग्रब' नावाचा द्वारपाल बसला होता. तो पडद्यावर यादी मांडतो, दहा सेकंद वाट पाहतो, आणि कोणी काहीच न सांगितल्यास यादीतील पहिले दार उघडतो. पहिले दार अर्थातच नव्या प्रणालीचे होते.

मला तर नवे खेळणेच मिळाले. रात्री जेवणे झाली की मी मिंटमध्ये पत्रे लिही, वर्तमानपत्रे वाची. जुने यंत्र कसे चपळ चालू लागले, हे येणाऱ्याजाणाऱ्यास सांगे. पत्नीचे काय चालले होते, इकडे माझे लक्ष नव्हते. ती पहाटे पाच वाजता, चहाचे आधण ठेवून हिशेबास बसते. कळ दाबून ती चुलीकडे वळे. परत येईतो दहा सेकंद सरलेले असत व पडद्यावर तिला अनोळखी असे काही उभे असे. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. एकदा-दोनदा तिने सांगितले. "बाणाची कळ वेळेवर दाबायची, त्यात काय मोठेसे?" असे मी म्हणालो.

१ नोव्हेंबरच्या पहाटे तिने एका बाईने आदल्या सायंकाळी आणून दिलेले पाचशे रुपये, नियमाप्रमाणे, नव्या महिन्याच्या खाती लिहिले. पुढच्या बैठकीत नोव्हेंबरचा मेळ बसेना. पेटीत पैसे होते, पण यादीत ती रक्कम ऑक्टोबरच्या अखेरीस पडलेली, आणि ऑक्टोबरचा हिशेब तर सर्वांसमक्ष वाचून बंद झालेला. कोणी वावगे बोलले नाही. तथापि अकरा वर्षे जिच्या हिशेबात एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही, तिच्याकडे चौदा जणी क्षणभर गप्प राहून पाहतात, हे काही थोडे नव्हे.

त्या रात्री मी पाणी पिण्यास उठलो, तो ती स्वयंपाकघरात दिव्याखाली जुनी वही काढून सारे हिशेब हाताने उतरवीत बसलेली दिसली.

"हे काय चालविले आहेस?" मी विचारले.

"अहो, वहीला माझा हात ठाऊक आहे," ती मान वर न करता म्हणाली. "तुमच्या यंत्राला आता तुमचाच हात ठाऊक."

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. सारे ऐकून घेऊन तो म्हणाला, "मामा, चूक मामींची नाही, घड्याळाची आहे." यंत्रातील घड्याळ एकच, परंतु ते वाचण्याच्या दोघींच्या रीती वेगळ्या. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असे मानते. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, जी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. रात्री मी मिंट वापरून उठलो की घड्याळ मागे गेलेले असे. विंडोज इंटरनेटवरून ते पुढे सुधारून घेते, पण त्या पहाटे इंटरनेट बंद होते. म्हणून पहाटेचे पाच तिला आदल्या रात्रीचे साडेअकरा दिसले, आणि १ नोव्हेंबरची नोंद ३१ ऑक्टोबरला जाऊन बसली!

उपाय एका ओळीचा निघाला. लिनक्सला स्थानिक वेळ मानण्याची आज्ञा दिली आणि दोघींचे घड्याळ जुळले. मग मी द्वारपालाकडे वळलो. त्याच्या नियमांची एक साधी फाईल असते. पहिले दार कोणाचे आणि वाट किती पाहावयाची, हे तीत आकड्यांनी लिहितात. विंडोज यादीत तिसरे, म्हणून मी तीन लिहिले, नियम नव्याने लागू करण्याची आज्ञा दिली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. उघडले ते भलतेच, यंत्राच्या मूळ मांडणीचे निळे पान. द्वारपाल शून्यापासून मोजतो, हे मी विसरलो होतो. तिसऱ्याचा आकडा दोन. तो दुरुस्त केला, आणि दहा सेकंदांचे तीस केले.

पुढच्या बैठकीत मी स्वतः जाऊन घड्याळाची हकीगत चौदा जणींना सांगितली. मास्तरांच्या हातून चूक झाली हे ऐकून त्या मनसोक्त हसल्या, आणि मला ते हसणे फार बरे वाटले.

आता पहाटे कळ दाबून ती चुलीकडे जाते. परतते तेव्हा तिचे विंडोज उघडे असते. त्याला इंटरनेट आम्ही जोडीत नाही, कारण डागडुजी थांबलेल्या घराचे दार रस्त्याकडे उघडे ठेवू नये. तिथे केवळ हिशेब चालतात. बाहेरच्या जगाशी व्यवहार मिंटमधून. रात्री मी बसतो तेव्हा बाणाची कळ दाबून माझे दार मी उघडतो. मला ती दाबता येते, तेव्हा ते कष्ट मीच घ्यावेत हे रास्त.

आपल्या घरीही असे जुने यंत्र असेल तर ते भंगारात टाकण्यापूर्वी ही वाटणी करून पाहावी. आधी नक्कल काढावी, विजेची सोय करावी, घड्याळ जुळवावे. आणि पहिले दार कोणाचे, हे ठरविण्याआधी पहाटे त्या यंत्रापाशी कोण बसते, याची घरात चौकशी करावी. ती जुनी वही मात्र आमच्या पेटीतून अजून हललेली नाही. महिनाअखेरीस पत्नी यंत्राचा हिशेब तिच्याशी ताडून पाहते, आणि मीही आता त्यावर काही बोलत नाही.