समतानगर, बांधाच्या आत

खाडीचा बांध माझ्या आज्याने घातला. हे कुठल्याच कागदावर नाही. कागदावर आधी खोत आहे, मग कूळ आहे, मग सरकार.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, खाडीला चिकटून. आजा कुलाबा म्हणायचा. १९८१ साली जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा तो मातीत गेलेला होता. गावची निम्मी शेती समुद्राच्या तोंडातून ओढून काढलेली. चिखलदगडाचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला दार आपोआप मिटतं. काही पावसाळ्यांत मीठ धुतलं गेलं की तांबडा राता पिकतो. पण अवसेच्या उधाणाला बांध फुटायचा आणि मध्यरात्री महारवाड्यात हाक यायची, "चला रं, खांड पडली!" बाप्ये कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात, बायका डोक्यावर चिखलाच्या पाट्या घेऊन. आजी सांगायची, "तुझ्या बापाला बांधावर निजवला नि मी चिखल दिला. तान्हा होता तो." मजुरी? बलुत्याचं भात. त्यातही पळंज जास्त.

बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती मोडायचं बिल आणलं. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. पुढे कूळकायद्यात ज्याची वहिवाट कागदावर लागली तो मालक झाला. आम्ही कूळ कुठले? हाकेचे गडी. हाकेची नोंद तलाठी कोणत्या रकान्यात करणार?

बाप राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आला. वाड्यात गुलाल उधळला. पहिल्या मीटिंगहून परतला तेव्हा आयने विचारलं, "काय झालं वो?" "सही झाली," म्हणाला. पाच वर्षं तेवढंच. मला त्याची लाज वाटायची. तो मेल्यावर दुसऱ्या एका मेंबराने सांगितलं, तुझा बाप एकदा उठून बांधाचं बोलला होता. 'तो बांध आपल्याकडे येत नाही' म्हणून त्याला खाली बसवला. प्रोसिडिंगात ते नाही. मी पाहून आलो.

२०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं. आमच्या तोंडावर पाटी लागली, समतानगर. नावाबद्दल माझी तक्रार नाही. महारवाड्याचा म्हणून शाळेत ऐकलं तेवढं पुरे. पण वस्ती होती तिथेच आहे, बांधाच्या आतल्या सखल अंगाला. खांड पडली की पहिलं पाणी आमच्या चुलीत.

मागच्या पावसाळ्यात पडली. पाटीचा खांब गुडघाभर पाण्यात. मी अर्ज लिहून पंचायतीत दिला. कारकुनाने पत्ता वाचला, पेन उघडलं आणि समतानगरापुढे कंसात जुनं नाव लिहिलं. म्हणाला, "लोकांना कळायला नको का?"

मी अर्ज परत घेतला. बाहेर कट्ट्यावर बसून नवा लिहिला. पत्ता समतानगर एवढाच. खाली खांडीची लांबी टाकली, अठरा हात. पोच घेतल्याशिवाय उठलो नाही.