धक्क्यावरची पेनी

आमच्या वसईच्या घरी एका लाकडी पेटीत दोन वस्तू जपून ठेवल्या आहेत : एक कृष्णधवल छायाचित्र आणि ब्रिटनची एक जुनी, तळहाताचा मध्य व्यापणारी पेनी. छायाचित्र आमच्या वडिलांचे आहे. ते मालवाहू बोटीवर नोकरीस होते. १९६८ च्या उन्हाळ्यात बोट लिव्हरपूल बंदरास लागली, तेव्हा एका सहकाऱ्यासोबत मर्सी नदी ओलांडून ते न्यू ब्रायटन या किनाऱ्यावरील गावी गेले. तेथे पैसे टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या दालनात सहकाऱ्याने त्यांचे हे छायाचित्र घेतले.

आम्हां भावंडांचे बालपण या छायाचित्राभोवती रमले. वडील यंत्राची रीत समजावून सांगत. काचेमागे नाण्यांनी भरलेली फळी मागेपुढे सरकत असते. आपण टाकलेली पेनी इतरांना रेटते आणि कडेवरची नाणी खाली पडली, तर ती आपली. "आता पडतील असे वाटते, पण पडत नाहीत," असे ते म्हणत. तरीही आमच्या लेखी तो स्वर्गच होता.

तो स्वर्ग लवकरच ओसरला. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनमध्ये दशमान चलन आले. पौंडाचे २४० पेनींऐवजी १०० भाग झाले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर जुनी पेनी चलनातून बाद झाली आणि तिच्या मापाची यंत्रे बदलावी लागली किंवा अडगळीत गेली. लिव्हरपूलहून न्यू ब्रायटनला जाणारी फेरीबोटही १९७१ मध्येच थांबली.

पुढे, १९९० च्या दशकात, एका स्नेह्याने आम्हांला मार्टिन पार यांचे 'द लास्ट रिसॉर्ट' हे १९८६ चे पुस्तक पाहावयास दिले. १९८३ ते १९८५ या काळात त्यांनी याच न्यू ब्रायटनची रंगीत छायाचित्रे घेतली होती. भर दिवसाही फ्लॅश वापरल्याने त्यांत काहीच लपत नाही. विखुरलेला कचरा, रडणारी मुले, आइस्क्रीमच्या काउंटरमागून थेट आपल्याकडे रोखून पाहणारी मुलगी. पार यांनी कष्टकऱ्यांची थट्टा केली, अशी टीका तेव्हा झाली होती. आम्हांलाही तसेच वाटले. आमच्या वडिलांचे न्यू ब्रायटन असे नव्हतेच!

आम्ही तक्रारीच्या सुरात पुस्तक वडिलांपुढे ठेवले. त्यांनी सावकाश पाने उलटली.

"हेच ते," ते म्हणाले. "तेव्हाही असेच होते. त्या दिवशी सकाळी घरचे पत्र आले होते. तुमची आजी गेल्याला तीन आठवडे झाले होते. बोटीवर बसवेना, म्हणून तिथे गेलो. चार पेनी होत्या, तीन टाकल्या. चौथी टाकवली नाही."

ही गोष्ट त्यांनी आम्हांला कधीच सांगितली नव्हती. आम्ही पेटीतले छायाचित्र पुन्हा हाती घेतले. काच, नाणी, दिवे, सारे आम्हांला तोंडपाठ होते. वडिलांचा चेहरा मात्र आम्ही जणू प्रथमच पाहत होतो. ते हसत नव्हते. छायाचित्राने काहीच लपविले नव्हते; स्वर्ग आम्ही रचला होता.

वडील आता नाहीत. पार यांच्यावरचा आमचा राग केव्हाच निवळला आहे. ती चौथी पेनी अजून पेटीत आहे.