वेळासच्या वाळूवरील जीवदया

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वर्धा आणि पैनगंगा वाहतात. समुद्र मात्र शेकडो मैल दूर आहे. येथील व्यापारी कुटुंबांचा प्रवास बहुधा तीर्थक्षेत्रांपुरताच असतो. अशाच एका कापूस व्यापारी जैन कुटुंबाने नातवाच्या हट्टापायी, मार्चअखेरच्या हिशेबांची घाई असतानाही, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याचे वेळास हे गाव गाठले. कासवांची पिल्ले बाहेर पडण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असतो. तो ३१ मार्चसाठी थांबत नाही.

धामणगावहून रेल्वेने मुंबई आणि तेथून पुढे मोटारीने मंडणगड, असा हा प्रवास झाला. आजींच्या मनात शंका होती. किनाऱ्यावरच्या परक्या घरी व्रते कशी सांभाळली जाणार? नारळी-पोफळीच्या वाडीतील यजमानीणबाईंनी ती पहिल्याच दिवशी दूर केली. कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळलेले आणि भोजन सूर्यास्तापूर्वी, हे सारे त्यांनी फोनवरून आधीच समजून घेतले होते. पाच वाजता तांदळाची भाकरी, फणसाची भाजी आणि लसणाविना सोलकढी वाढून त्या म्हणाल्या, "आजी, भांडी वेगळी ठेवली आहेत. निर्धास्त जेवा."

येथे येणारी कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. मादी रात्री वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते, ती झाकते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत. उरलेली कुत्री व कोल्हे खात. सन २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने येथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि ग्रामस्थांनी ते आपले मानले. किनाऱ्यावर फिरून अंडी शोधायची, कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरायची आणि सुमारे ४५ ते ६० दिवस राखण करायची, असे हे काम आहे. आता वनविभागाचेही त्याला पाठबळ आहे.

पहिल्या सायंकाळी घरट्यावरची टोपली उचलली, तेव्हा खाली केवळ वाळू होती. नातू हिरमुसला. आजोबांचे लक्ष मात्र कार्यकर्त्याच्या वहीकडे गेले. घरटे कोणत्या दिवसाचे, अंडी किती, पिल्ले किती, असा रोजकीर्दीसारखा चोख हिशेब तीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली काळसर पिल्लांची वळवळ दिसली. दोरीमागे उभ्या असलेल्या मंडळींचे बोलणे थांबले. पिल्लांना पाण्यापासून काही अंतरावर सोडण्यात आले. वाळूवरून ती स्वतःच चालत जातात. मोठेपणी मादीला किनारा ओळखता यावा यासाठी ही चाल आवश्यक असते, असे मानतात. एक पिल्लू उलटे झाले. आजी नकळत पुढे सरसावल्या, पण कार्यकर्त्याने नम्रपणे थांबवले. थोड्या धडपडीनंतर पिल्लू आपणच सुलटे झाले. आजी म्हणाल्या, "पैठणला मुनिसुव्रतनाथांच्या पायाशी हे लांछन इतकी वर्षे पाहिले, चालताना आज पाहिले."

"यातली मोठी किती होतील?" नातवाने विचारले.

"हजारात एखादे," कार्यकर्ता उत्तरला.

आजोबा बराच वेळ गप्प होते. पेढीवर असा व्यवहार कोणी मान्य केला नसता. दरवर्षी पर्युषणात ते जीवदयेसाठी रक्कम लिहवीत आणि पावती घेत. येथील माणसे पावतीविना रात्री जागत होती. त्यांपैकी कित्येकांच्या घरी मासळी शिजत असे. दया आपल्याच स्वयंपाकघरात वसते, हा समज त्यांना त्या सकाळी तपासून पाहावा लागला. परतण्यापूर्वी त्यांनी नातवासह किनाऱ्यावरील प्लॅस्टिक आणि जाळ्यांचे तुकडे दोन पिशव्या भरून वेचले.

वेळासला जाणाऱ्यांनी पिल्लांचा नेमका दिवस धरून चालू नये. एक मुक्काम जास्तीचा ठेवावा. आहाराचे नियम यजमानांना आधी कळवावेत. किनाऱ्यावर विजेरी व कॅमेऱ्याचा प्रकाश टाळावा, आणि पिल्लांना हात लावू नये.