घाटातली साक्ष

कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणाऱ्या प्रत्येक गाडीला आपल्या वेगाचा काही हिस्सा घाटाच्या हवाली करून त्याच्या बदल्यात ओढण्याची ताकद घ्यावी लागते, आणि हा सौदा ज्या पेटीत ठरतो तिला गिअरबॉक्स म्हणतात. लहान दातेरी चक्राने मोठे चक्र फिरवले की फेरे कमी होतात आणि आस पिळून फिरवण्याचे बळ वाढते. एवढ्या एका तत्त्वावर कांद्याच्या मालट्रकपासून स्पोर्ट्स कारपर्यंत साऱ्यांची चढण निभावते. रेल्वे याच घाटातून, म्हणजे थळ किंवा कसारा घाटातून, 1865 मध्ये इगतपुरीला पोहोचली, तेव्हा तिच्या वाट्याला सदतीसास एक असा चढ आला, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. म्हणूनच चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात, ज्यांना रेल्वेची माणसे ‘बँकर’ म्हणतात. मोटारीला अशी मदत मागायची सोय नाही, तिला आपल्याच पोटातल्या दात्यांवर भिस्त ठेवावी लागते.

हाताने गिअर टाकण्याच्या काळात ही भिस्त चालकाच्या शरीरात मुरलेली असे. इंजिनाचा आवाज जड होऊ लागला की कान ते आधी ओळखत, डावा पाय क्लच दाबी, दांडा खाली ओढला जाई, आणि गिअर नीट पडला की अर्धवट अडकला हे मुठीतल्या थरथरीवरून तळव्याला नेमके कळे. अर्धवट पडलेल्या गिअरची करकर तर शेजारी बसलेल्यालाही ऐकू येई. स्वयंचलित गिअरबॉक्सने चालकाचा हात मोकळा केला, परंतु त्या हाताला जे कळत होते ते कोणाला तरी कळणे भागच होते, आणि ती जबाबदारी सेन्सर नावाच्या बोटाएवढ्या वस्तूंकडे गेली.

पोर्शेच्या ‘पी.डी.के.’ या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये ही जबाबदारी विशेष नाजूक होते. त्यात दोन क्लच असून एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा असे विषम गिअर आणि दुसऱ्याकडे सम गिअर सोपवलेले असतात. गाडी तिसऱ्यावर धावत असतानाच चौथा आतल्या आत जोडून तयार ठेवलेला असतो, आणि बदलाच्या क्षणी एक क्लच सुटतो तसा दुसरा धरतो, त्यामुळे चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ खंडित होत नाही. ही रचना आधी शर्यतीच्या गाड्यांत कसाला लागली, 1986 मध्ये मोंझा येथे 962 या गाडीने तिच्यासह शर्यत जिंकली, आणि रस्त्यावरच्या 911 मध्ये ती 2008 मध्ये आली. दोन्ही बाजूंचे गिअर एकाच वेळी जोडलेले ठेवायचे म्हणजे कोणता दांडा कुठे सरकला आहे हे क्षणोक्षणी ठाऊक असलेच पाहिजे. त्यासाठी गिअर सरकवणाऱ्या दांड्यांवर चुंबक बसवतात आणि शेजारचा सेन्सर त्या चुंबकाला स्पर्शही न करता त्याचे अंतर ओळखतो. शिवाय आसांचे फेरे मोजणारे वेगाचे सेन्सर निराळे. वाहनांतले असे अनेक सेन्सर एडविन हॉल या अमेरिकी संशोधकाने 1879 मध्ये दाखवलेल्या परिणामावर चालतात, ज्यात चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या आणि वीज वाहणाऱ्या पट्टीच्या दोन कडांमध्ये किंचित विद्युतदाब उत्पन्न होतो.

बिघाड बहुधा दात्यांत नसतो, सेन्सरच्या साक्षीत असतो. वर्षानुवर्षे गरम तेलात बसून, कंप सोसून सेन्सर अधूनमधून अशक्य कोटीतले आकडे कळवू लागतो, उदाहरणार्थ दांडा एकाच क्षणी दोन ठिकाणी असल्यासारखे. नियंत्रण करणारा संगणक मग त्या बाजूच्या कुठल्याच गिअरवर विश्वास ठेवत नाही. धडधाकट दाते, धडधाकट क्लच, आणि तरीही पडद्यावर गिअरबॉक्सच्या बिघाडाची सूचना उमटते, काही गिअर नाहीसे होतात, कधी रिव्हर्सही पडत नाही, आणि गाडी ‘लिंप मोड’मध्ये, म्हणजे लंगडत घर गाठण्याच्या अवस्थेत जाते. जुलैच्या धुक्यात, मागे कंटेनरची रांग लागलेली असताना कसारा घाटात हे घडले तर मालक यंत्राला भित्रे ठरवील. तो राग समजण्यासारखा असला तरी दोष यंत्राच्या सावधपणाला देता येत नाही, कारण चुकीच्या माहितीवर एकाच बाजूचे दोन गिअर जोडले गेले तर आतल्या दात्यांचा चुराडा होईल.

टीका करायचीच तर ती दुरुस्तीच्या रीतीवर करावी. सुरुवातीच्या काळात या पेटीचे आतले भाग सुटे विकले जात नसत, त्यामुळे एक सेन्सर गेला तर अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळे, आणि त्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या डोळ्यांत भरणाऱ्या हिश्श्याएवढा होई. डोंगर पोखरून उंदीर काढावा तसा हा प्रकार. आणि इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गासाठी खरोखरच डोंगर पोखरून सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा काढला गेला असल्यामुळे ती म्हण इथे उगाच जवळची वाटते. पुढे परदेशांतल्या स्वतंत्र कारागिरांनी त्या पेट्या उघडल्या, बदली सेन्सर तयार केले, आणि बंद मानलेली वस्तू दुरुस्त होते हे दाखवून दिले.

प्रत्यक्ष काम गॅरेजच्या भाषेत ‘स्कॅनर लावण्या’पासून, म्हणजे संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचण्यापासून, सुरू होते, परंतु स्कॅनरने दिलेला कोड हा आरोप असतो, निकाल नव्हे; तारेचा जोड ओला झाला असेल, बॅटरी मलूल असेल, तर तसाच कोड उमटू शकतो, आणि इगतपुरीच्या पावसात ही शक्यता आधी तपासणे शहाणपणाचे. त्यानंतर गाडी लिफ्टवर, तेल काढून घेणे, बहुतेक वेळा गिअरबॉक्स उतरवणे, आणि आतला भाग उघडताना एवढी स्वच्छता पाळणे की फडक्याचा एक धागाही मागे राहू नये, कारण तोच तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपांत जाऊन अडकतो. या पेटीत दोन प्रकारचे तेल असते, क्लच व झडपांचे एक आणि दात्यांचे दुसरे, आणि त्यांची अदलाबदल महागात पडते. तेलाची पातळीही इंजिन सुरू ठेवून, ठरलेल्या तापमानालाच पाहायची असते. सर्वात शेवटी संगणकाला नव्या सेन्सरची ओळख करून द्यावी लागते: तो प्रत्येक दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहतो आणि प्रत्येक गिअरची जागा नव्याने नोंदवून घेतो. ही पायरी गाळली तर नवा सेन्सर खरे सांगत असूनही जुन्या नोंदींशी जुळत नाही, आणि तोच कोड परत येतो.

दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी घाट उत्तम, पण अपुरा. खालचे गिअर तिथे वारंवार पडतात, तेल तापते, आणि तापल्यावरच डोके वर काढणारा दोष असेल तर तो लपत नाही. सातव्या गिअरची वेळ मात्र त्या वळणांवर येतच नाही. त्यासाठी इगतपुरीला पोहोचून समृद्धीच्या सपाट रस्त्यावर, नागपूरच्या दिशेने, ताशी 120 किलोमीटरच्या मर्यादेत गाडी काही काळ एकसारखी धावू द्यावी आणि परतल्यावर स्कॅनर पुन्हा एकदा लावावा.